महिरपीतला कोश

मार्च उजाडला की ओकुबो-सानच्या भिंतीवरच्या वेलीच्या पानांना भोकं दिसायला लागतात. गोल, नेटकी, ऑफिसातल्या पंचिंग मशीनने पाडावीत तशी. योकोहामातली इतर माणसं या दिवसांत साकुराच्या कळ्या बघत फिरतात. मी मात्र सकाळी दात घासत मागच्या खिडकीत उभा राहतो आणि शेजारच्या भिंतीवरची भोकं बघतो. पहिलं भोक दिसलं की जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं होतं.

"पडली का?" मेधा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून विचारते.

"पडली."

आमच्या घरी वसंत ऋतूचं स्वागत एवढ्यावर आटपतं.

ही भोकं असागिमादारा नावाच्या फुलपाखराच्या अळीची. फुलपाखरू चांगलं तळहाताएवढं. पंखांचा मधला भाग काचेसारखा, फिकट निळसर हिरवा, कडा तपकिरी. जातीचा फिरस्ता. शरदात दक्षिणेला निघतो, बेटं आणि समुद्र ओलांडत थेट तैवानपर्यंत जातो. आणि वसंतात त्याची पुढची पिढी उलटी, उत्तरेच्या थंड डोंगरांकडे निघते. हौशी माणसं त्याला पकडून पंखावर पेनाने गावाची खूण आणि तारीख घालतात आणि सोडून देतात. पुढे कोणाला सापडलं तर तो कळवतो. एवढ्याशा पंखावर पत्ता लिहायचा आणि तरी त्याने उडायचं, यावर माझा सुरुवातीला अजिबात विश्वास बसला नव्हता. मुंबईहून निघालेलं माझं स्वतःचं सामान, चारी बाजूंनी पत्ता लिहूनही, भलतीकडे जाऊन आलं होतं.

आणि ती वेल विषारी आहे. अळी ते विष खाते, अंगात मुरवते, आणि मग पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. पण अळी पानाला थेट चावा घेत नाही. आधी पानावर गोल रेघ ओढते, चीक निथळू देते, मग आतला तुकडा खाते. म्हणून भोक गोल. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, इतकी काळजी घेऊनही शेवटी खाते ती विषच.

हे सगळं मला सांगितलं ओकुबो-साननी. त्या आमच्या मागच्या शेजारी. निवृत्त संगीतशिक्षिका, वय सत्तरीपलीकडे, आवाज मात्र अजून वर्ग गप्प करणारा. आमची बाग, म्हणजे चार कुंड्या आणि एक नळ याला बाग म्हणायचं तर, आणि त्यांची भिंत यांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण. माझं आडनाव काळे. जपानी जिभेवर त्याचं 'कारे' होतं, आणि कारे म्हणजे भातावर ओतून खायची करी. पहिल्या भेटीत मी नाव सांगितलं तेव्हा ओकुबो-साननी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि कमालीच्या गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडे हे आडनाव सर्रास असतं का?" मी म्हटलं, "हो, बऱ्याच जणांचं." त्यांनी समजून मान हलवली.

त्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या ऑक्टोबरात त्या मला आणि माझ्या मुलीला, रेवाला, टेकडीवर घेऊन गेल्या. रेवा तेव्हा पहिलीत. पांढरा टॉवेल डोक्यावर गरगर फिरवला की असागिमादारा खाली उतरतं, असं त्यांनी सांगितलं होतं. का उतरतं ते कोणालाच ठाऊक नाही. आमच्या घरातले सगळे टॉवेल रंगीत, म्हणून मी माझ्या मुंजीतला पंचा घेऊन गेलो. टेकडीवरच्या पायवाटेवर एक पोट सुटलेला भारतीय माणूस पंचा फिरवत उभा आहे, हे बघून समोरून येणारी गिर्यारोहक मंडळी नम्रपणे वाकली आणि दुसऱ्या वाटेने गेली. पण फुलपाखरू आलं. पंख न हलवता तरंगत, कसलीच घाई नसल्यासारखं वरून उतरलं, पंच्याभोवती एक फेरी मारून रेवाच्या टोपीवर बसलं.

"बाबा," रेवा मान न हलवता पुटपुटली, "तुझ्याकडून पहिल्यांदाच काहीतरी झालं."

त्या हिवाळ्यात ओकुबो-साननी तिला वेलीचं एक रोप दिलं, कुंडीसकट. रोपावर चार अळ्या. काळ्या अंगावर पिवळे आणि पांढरे ठिपके, थंडीत पानाखाली चिकटून बसलेल्या. रेवा शाळेतून आली की दप्तर न काढता आधी कुंडीपाशी.

मग दोन हजार अकराचा मार्च आला.

भूकंप आणि त्सुनामीच्या त्या दिवसाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी भोगलं त्यांनी केलंय, आणि आम्ही काही भोगलं नाही. आमचं घर उभं होतं. कपाटं सरकली होती, ताटल्या फुटल्या होत्या, देव्हाऱ्यातले देव आडवे झाले होते. मी दुसऱ्याच दिवशी देव्हारा भिंतीला स्क्रूने आवळून टाकला. आयुष्यात मी ठोकलेली ती पहिली वस्तू, आणि अजून हललेली नाही. खरं भय त्यानंतर सुरू झालं. उत्तरेकडच्या अणुवीजकेंद्रातल्या गळतीच्या बातम्या यायला लागल्या. वर्तमानपत्रात पावसाच्या अंदाजाशेजारी किरणोत्साराचा आकडा छापून यायला लागला. आणि बाहेर बघावं तर इतकी स्वच्छ, इतकी निळी हवा मी योकोहामात कधी बघितली नव्हती. तिला वास नव्हता, रंग नव्हता. मेधाने धुतलेले कपडे बाहेर वाळत घातले, थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, आणि सगळे आत घेऊन परत धुवायला टाकले.

पुण्याहून सासूबाईंचे फोन सुरू झाले. "मिलिंदराव, तुम्ही टीव्ही बघताय का?" मी म्हणायचो, "आई, टीव्हीवर दाखवतात ते इथून फार लांब आहे." त्या म्हणायच्या, "टीव्ही सगळ्यांना सारखाच लांब असतो. तुम्ही नकाशा बघा." त्यांनी बघितला होता.

आठवडाभरात मेधा आणि रेवा पुण्याला गेल्या. मी राहिलो. यात धैर्य नव्हतं. ऑफिसातले जपानी सहकारी रोज वेळेवर येत होते, बंद सरकत्या जिन्यांवरून चढून, वीज वाचवायला अर्ध्या दिव्यांत बसून काम करत होते, आणि त्यांच्यासमोर 'मी निघतो' म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्याकडे नव्हती. विमानतळावर जायच्या बसपाशी मेधा म्हणाली, "जूनमध्ये तिकडच्या शाळा सुरू होतात. तोपर्यंत बघू. तिथे नाव घातलं की मग ती तिथलीच. मग तू काय करायचं ते तू ठरव." एवढं साधं होतं ते. जूनपर्यंत त्या परत आल्या नाहीत तर हे घर संपलं.

रेवाला वेगळी चिंता होती. "बाबा, रोज बघायचं. आणि त्यांच्याशी बोलायचं. जपानीत."

"का, मराठी कळत नाही त्यांना?"

"कळतं. पण तुझं जपानी सुधारेल."

चार दिवसांनी पाऊस आला. या पावसात भिजू नका, असं सगळीकडे सांगत होते. मी छत्री न घेता धावत बाहेर गेलो, कुंडी उचलली, तिच्यावर स्वतः वाकून तिला आत आणली आणि नखशिखांत भिजलो. अळ्यांच्या अंगावर दोन थेंब पडले असतील. मग वाटलं, पानं आधीच ओली झालीत. दुकानात तेव्हा बाटलीबंद पाणी मिळत नव्हतं. मिळालंच तर माणशी एक बाटली. माझ्याकडे होती ती मी उघडली आणि एकेक पान धुवायला बसलो. एक अळी बादलीत पडली. तिला चहाच्या गाळणीने बाहेर काढलं, आणि हादरलेल्या मनाला उभारी यावी म्हणून त्याच गाळणीने चहा गाळून प्यायलो.

ओकुबो-सान कुंपणापलीकडून हे काचेतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कारे-सान, मी नळाचं पाणी पिते. तुमच्या अळ्या बाटलीचं पितात."

"मुलीच्या आहेत," मी म्हटलं.

त्या मग म्हणाल्या, "माझ्याकडे अजून दोन बाटल्या आहेत." आणि खरंच आणून दिल्या.

त्यांची धाकटी बहीण उत्तरेत राहत होती, त्याच डोंगरांत, जिथे ही फुलपाखरं उन्हाळा काढतात. बरेच दिवस तिचा फोन लागला नव्हता. लागला तेव्हा ती म्हणाली, आमच्या भागाला अजून कोणी निघा म्हणालेलं नाही, आणि म्हणालं तरी कुत्र्याला सोडून मी येणार नाही. ओकुबो-सान दर उन्हाळ्यात तिच्याकडे जायच्या. हे सांगून झाल्यावर त्या वेलीकडे बघत राहिल्या. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच विचार होता. मेमध्ये ही पाखरं निघणार, ती तिकडेच.

इकडे मी खोटं बोलण्यात तरबेज होत होतो. व्हिडिओ कॉलवर मेधा विचारायची, "धक्के येतात का रे अजून?" मी म्हणायचो, "छे, कधीतरी. ट्रक गेल्यासारखं." एकदा तेवढ्यात वरचा दिवा झोके घ्यायला लागला. मी आळस दिल्यासारखा हात वर केला आणि दिवा धरून ठेवला. रेवा म्हणाली, "बाबा, तू हात वर करून का बसलायस?" तेव्हापासून मी जागा बदलली. मागे काही लटकणार नाही, काही हलणार नाही अशी घरात एकच जागा होती: स्क्रूने आवळलेल्या देव्हाऱ्यासमोर. माझ्या पाठीमागे शांत, ठाम, देव. मला ही युक्ती फार आवडली होती. धक्का आला तरी मी आणि भिंत आणि देव सगळे एकत्रच हलायचो, पडद्यावर काही कळायचं नाही.

कुंडी मी त्याच खोलीत ठेवली होती, कारण घरातला एकुलता एक हीटर तिथे. आणि अळ्या मोठ्या झाल्या. मोठ्या झालेल्या अळीला कोश करायचा असतो तेव्हा ती हिंडायला लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा ओकुबो-साननी सांगितलं असेल आणि माझ्या जपानीतून ते निसटलं असेल. एके दिवशी ऑफिसातून आलो तर कुंडी रिकामी. एक पडद्याच्या घडीत सापडली, एक टेबलाखाली. एक कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. बरीच वर्षं मी बूट झटकून घालायचो. आणि एक देव्हाऱ्यात चढली होती. वरच्या महिरपीच्या बरोबर मध्यावर, निरांजनाच्या वर, उलटी लटकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिथे कोश होता. पोपटी, चकचकीत, त्यावर चांदीच्या टिकल्या जडवल्यासारखा. सोनाराने केला असता तर महाग पडला असता. खाली ज्योत लावली असती तर धग थेट त्याला लागली असती. मी निरांजन उचलून ठेवलं. उदबत्ती बंद केली. देवांना रोज तोंडी सांगायचो, थोडे दिवस सांभाळून घ्या.

एप्रिल संपत आला होता. आमच्याकडची तिन्हीसांज म्हणजे पुण्यातली दुपारच्या चहाची वेळ. त्या रविवारी पडद्यावर रेवा एकटीच होती.

"बाबा, त्या अळ्या विषारी पानं खातात म्हणून त्यांना कोणी खात नाही ना?"

"हो."

"मग त्या तिकडे गेल्या तरी त्यांना काही होणार नाही. त्यांच्यात आधीच विष आहे."

मी मान डोलावली.

"मग तू पण खा," ती म्हणाली.

"काय खा?"

"पान. म्हणजे तुला पण काही होणार नाही. मग आम्ही येऊ, आणि मी पण खाईन, आई पण खाईल. दाइजोबू होऊ आपण सगळे." दाइजोबू म्हणजे सुखरूप, ठीकठाक. शाळेत पडून गुडघा फुटला तरी मुलं हेच म्हणतात.

मी समजावलं, की असं होत नसतं, माणसाचं वेगळं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. मी कुंडीतल्या पानाचा नखाएवढा तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. इतकं कडू मी काही खाल्लेलं नाही. जीभ आधी जळली, मग बधिर झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तरी मी चावत राहिलो, कारण ती बघत होती.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई चहाचा कप घेऊन खोलीत आल्या.

आता त्यांना तिकडून काय दिसलं असेल? जावयाची दाढी कित्येक दिवस वाढलेली. मागे देव्हारा, दिवेलागणीची वेळ, आणि दिवा नाही. आणि जावई एकटा बसून डोळ्यांत पाणी आणून कडू पाला चावतोय. आपल्याकडे स्मशानातून आल्यावर माणसं कडुलिंबाचा पाला चावतात. सुतकात दाढी करत नाहीत, देवाला दिवा लावत नाहीत. पाडवा होऊन गेलेला, म्हणजे पाल्याला दुसरं कारणही उरलेलं नाही. सासूबाईंनी कप खाली ठेवला, मला काही न विचारता रेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल बाळा, आत चल." पडदा काळा झाला.

थोड्या वेळाने मेधाचा कॉल आला. चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं?"

"कुठे?"

"मिलिंद, आई म्हणते तुला सुतक आहे. नाशिकचे काका का? की ओकुबो-सान?"

"काका ठणठणीत आहेत. अगं, देव्हाऱ्यात अळी आहे."

"काय आहे?"

"अळी. म्हणजे आता कोश. निरांजनाच्या बरोबर वर. म्हणून दिवा लावत नाही."

"आणि पाला?"

"रेवाने खायला सांगितला."

"आणि दाढी?"

"कंटाळा."

"यातलं एक तरी वाक्य तुला स्वतःला खरं वाटतंय का?"

मी मार्चपासून धडधडीत खोटं बोलत होतो आणि ते सगळं तिने ऐकून घेतलं होतं. पहिल्यांदा खरं बोललो तर ही गत. मी कॅमेरा उचलला आणि कोश दाखवला. मग थांबता येईना. दोरीने बांधलेला वरचा दिवा दाखवला. उशाशी ठेवलेले बूट, दाराशी भरून ठेवलेली पिशवी, तिच्यात पासपोर्ट आणि टॉर्च आणि रेवाचा लोकरी हातमोजा, तो का ठेवला होता ते मलाही माहीत नव्हतं. पावसात कसा भिजलो ते सांगितलं. रोज येणारे धक्के सांगितले.

"झोपतोस का?" तिने विचारलं.

"बसून."

"बरं," ती म्हणाली, आणि कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी जीभ अजून बधिर होती. स्टेशनाकडे जाताना मी पहिल्यांदाच नीट बघितलं. दुकानांच्या पाट्या विझवलेल्या. प्लॅटफॉर्मवर एक सोडून एक दिवा. त्या वर्षी साकुरा फुलला आणि गळला, आणि झाडांखाली दरवर्षीसारख्या कोणी चटया घातल्या नाहीत, कोणी गाणी म्हटली नाहीत. करायची नाहीत असं कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी केली नाहीत. सासूबाईंना जे दिसलं ते चुकीचं नव्हतं. उत्तरेच्या किनाऱ्यावर त्सुनामीत हरवलेल्या माणसांचा शोध अजून चालू होता. सबंध देश दिवा न लावता बसला होता, आणि त्यात माझीही दाढी वाढली होती. मी अळीमुळे म्हणत होतो, एवढंच.

त्यानंतर मेधाने रोज कॉल केला, पण यायचं की नाही याबद्दल एक शब्द नाही. पुण्याच्या शाळेत तिने चौकशी करून ठेवल्याचं मला सासूबाईंकडून कळलं. मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची धास्ती.

मेच्या मध्यात कोश काळपट झाला, पारदर्शक झाला, आतले पंख दिसायला लागले. मी ओकुबो-सानना हाक मारली आणि पुण्याला कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. रेवा विस्कटलेल्या केसांनी, मेधा तिच्यामागे, सासूबाई खुर्चीत. कोश फाटला. ओलसर, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि महिरपीला लटकून राहिलं. पंख हळूहळू उलगडले. एक तपकिरी थेंब खाली, थेट बाळकृष्णाच्या डोक्यावर पडला.

"अभिषेक," रेवा म्हणाली.

"शिव शिव," सासूबाई म्हणाल्या, पण खुर्ची पडद्याजवळ ओढलीच.

पंख वाळल्यावर खूण घालायची होती. मी ऑफिसातलं मार्कर आणलं होतं. लिहिलं, आणि बोटाला लागून सगळं पुसून आलं. ते पांढऱ्या फळ्यावर लिहायचं निघालं. ओकुबो-साननी आपलं पेन पुढे केलं. मी गावाची खूण, तारीख घातली, आणि शेवटी देवनागरीत 'रे' लिहिलं.

"हे कोण वाचणार?" त्यांनी विचारलं.

"मराठी माणूस सगळीकडे असतो," मी म्हटलं. आणि मग लक्षात आलं की हे जिथे निघालंय तिथून माणसं बाहेर पडतायत.

आम्ही बागेत आलो. मी एका हातात फोन धरला होता, दुसऱ्या हाताच्या बोटावर ते. वारा दक्षिणेचा होता. फुलपाखराने दोनदा पंख उघडले, मिटले, आणि उठलं. कुंपणावरून, ओकुबो-सानच्या भिंतीवरून, छपरावरून. दिशा विचारायची गरजच नव्हती.

"सोच्ची जा नाई," रेवा म्हणाली. तिकडे नाही. मग मोठ्याने, परत परत, "सोच्ची जा नाई, सोच्ची जा नाई."

"अहो, अडवा ना त्याला कोणीतरी," सासूबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या.

ओकुबो-सान आकाशाकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले होते, आणि खिशातले हात घट्ट मिटलेले दिसत होते. फुलपाखरू दिसेनासं झाल्यावरही त्या तशाच उभ्या राहिल्या.

पडद्यावर रेवाला सासूबाईंनी जवळ घेतलं होतं. मेधा पुढे आली. "आम्ही येतोय," ती म्हणाली. "तिथल्याच शाळेत जाईल ती."

मार्चपासून मी या वाक्यासाठी खोटं बोलत होतो. दिवे धरून ठेवले होते, देवांना पुढे केलं होतं. आणि वाक्य आलं तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. येऊ नका, हे शब्द तोंडापर्यंत आले.

"मेधा, मी तुला सगळं खोटं सांगत होतो."

"माहितेय. म्हणूनच येतेय. तू एकटा असलास की असलं काहीतरी करतोस."

"आणि रेवा?"

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली. "आपण दोघांनी ठरवलं, असं म्हणू. कायम असंच म्हणायचं. एकट्याने ठरवलं असं नाही."

जूनच्या सुरुवातीला मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो. जाणाऱ्यांच्या बाजूला अजून गर्दी होती. येणाऱ्यांच्या बाजूला मोकळ्या खुर्च्या. काचेचं दार सरकलं, रेवा ढकलगाडीवर बसून आली, हसत, हात पसरून. तिला उचललं तेव्हा तिच्या केसांना पुण्याचा वास होता, खोबरेल तेलाचा. मला वाटलं, हा वास जाईपर्यंत तरी तिला श्वास रोखून धरायला सांगावं.

त्या उन्हाळ्यात ओकुबो-सान बहिणीकडे गेल्या नाहीत. बहिणीने फोनवर सांगितलं, या वर्षी फुलं खूप आली आहेत आणि फुलपाखरं तर इतकी, की उतार निळा दिसतो. बघायला कोणी येत नाही. त्यांच्यात देवनागरी अक्षराचं एखादं होतं का, हे मी विचारलं. तिने ते जवळ जाऊन बघितलं नव्हतं. शरदातही ते कुठे सापडल्याचं कधी कळलं नाही.

आता रेवा कोबेला शिकते. ओकुबो-सान थकल्या आहेत, वेल मीच छाटतो, आणि छाटताना हातमोजे घालतो. या मार्चमध्येही भोकं पडली. मग एका रविवारी रेवाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मैत्रिणीची टिंगल झाली, आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "जरा बरं नाहीये. ताप येतोय थोडा. चार दिवस झाले, जात नाहीये."

मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी विनोद सुचतो. हा माझा दोष आहे असं मेधा म्हणते.

"हवा बदलली असेल," मेधा म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "हवाच."

"एवढे गंभीर काय झालात दोघं?" रेवा हसली. "नुसता ताप आहे."

"उद्या डॉक्टरकडे जा," मेधा म्हणाली. "रक्त तपासून घे."

"आई, तापाला लगेच रक्त?"

"घे म्हटलं ना."

फोन बंद झाला. मेधा ओट्याकडे वळली आणि कांदा चिरायला लागली. मी मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. चिरलेला कांदा दोघांना पुरेल त्याहून कितीतरी जास्त झाला तरी ती थांबत नव्हती. वळून बघितलं तर तिची पाठ दिसली असती, आणि तिने बघितलं असतं तर माझी. आमच्यातलं कोणीच वळलं नाही.